न तापणारे यंत्र आणि मोरेश्वरजी

मोरेश्वरजी कोणत्याही वस्तूशी परिचय करून घेतात तो उजव्या हाताची मागची बाजू तिच्या अंगाला लावून. आजारी लेकराच्या कपाळाला आई जसा हात लावते, तसा हा हात लिफ्टच्या दाराला लागतो, दुसऱ्याच्या स्कूटरला लागतो, जिन्यातल्या मीटरच्या पेटीला लागतो. मग डोळे मिटून, मान किंचित कलती करून ते निदान सांगतात. एकदा सायंसंध्या आटोपून मी डोळे उघडले, तर हे गृहस्थ माझ्या देवघरापाशी वाकून समईला हात लावीत होते.

"गुरुजी, हिले ताप आहे."

"मोरेश्वरजी, ती पेटलेली आहे."

"सिधी बात आहे. पेटलेलीले ताप असलाच पाहिजे. नसला तर घाबरायचं."

"सिधी बात आहे" हे त्यांचे पालुपद. त्याच्यामागून येणारी बात मात्र सरळ असेलच, अशी खात्री मी देणार नाही.

बेसा भागातील आमच्या इमारतीत ते समोरच्या घरात राहतात. घराणे उमरेडच्या विणकरांचे. स्वतः त्यांनी सारी नोकरी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात केली. परंतु वडिलांच्या मागावरील धोटा त्यांच्या पायांत उतरला असावा. या भिंतीकडून त्या भिंतीकडे, तेथून परत इकडे, असे त्यांचे अखंड चाललेले असते. खुर्ची पुढे केली, तर ते खुर्चीला हात लावून पाहतात आणि उभेच राहतात.

गेल्या श्रावणात झड लागली. सूर्यनारायणाचे दर्शन दुर्लभ झाले, दोऱ्यांवरच्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला, आणि अशा एका सकाळी मोरेश्वरजी माझ्या दारात येऊन म्हणाले, "गुरुजी, मशीन थंडी पडली."

मशीन म्हणजे कपडे वाळवण्याचा ड्रायर. परदेशी जाताना त्यांच्या मुलीने तो आईवडिलांकडे ठेवला होता. इतरांच्या घरी असे यंत्र बिघडले, तर गैरसोय होते. येथे प्रकरण निराळे होते. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई यांची स्मृती दोन-एक वर्षांपासून विझत चालली आहे. थंड वस्त्र अंगाला लागले, की ते ओले आहे असे त्यांना वाटते आणि त्या रडू लागतात. इस्त्री जवळ आणली, तर जळते आहे म्हणून ओरडतात. ड्रायरमधून काढलेली ऊन ऊन साडी तेवढी त्या निमूटपणे नेसतात. यंत्र थंड झाल्यापासून त्यांनी अंगावरचे लुगडे बदललेच नव्हते.

"मिस्त्रीला बोलावले का?"

"बोलावला ना. पाणी थांबलं का येतो म्हणते. पाणी थांबल्यावर मले मशीनचं काय काम?"

एवढी खरोखरीची सरळ बात त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकली. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

न्यायशास्त्राच्या अध्ययनात कारण शोधण्याची शिस्त मला लागली होती. तिचा उपयोग कधी अशा ठिकाणी होईल, असे वाटले नव्हते. "ड्रम फिरतो का?" "फिरते." "वारा येतो का?" "येते." "मग नाही काय?" "ताप नाही हो गुरुजी! तेच तर सांगून राहिलो!" असे म्हणत त्यांनी प्लग काढला आणि मागचा पत्रा सोडविला. त्यांच्याजवळ तार अखंड असली म्हणजे शिट्टी देणारा मीटर होता. तो त्यांनी एकेका भागाला लावला. तापणाऱ्या कॉइलला लावताच शिट्टी वाजली. "हे बोलली." थर्मोस्टॅटला लावला. "हाही बोलला." अखेरीस बोटाच्या पेराएवढ्या फ्यूजला लावला, शिट्टी नाही. पुन्हा लावला. मोरेश्वरजींचा चेहरा उजळला.

"हा मुका आहे! मशीन हद्दीबाहेर तापली का हा सोताले जाळून घेते, गुरुजी. बर्डीच्या बाजारात भेटून जाईल. चला."

माझी पत्नी शकुंतलाबाईंजवळ बसली आणि आम्ही ऑटो करून मेट्रोच्या स्थानकावर गेलो. वाटेत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चिंतेने माणसे वाळतात. यांचे पोट मात्र चांगलेच सुटले होते. बंद रेनकोटात ते घामाने निथळत होते, तरी बटण काढीत नव्हते.

स्थानकावर तपासणीच्या यंत्राने त्यांना पाहताच आरडाओरड मांडली. खिशांतून पेचकस निघाला, पक्कड निघाली, जळका फ्यूज निघाला. यंत्र शांत झाले; रक्षक झाला नाही. त्याने पोटावर थाप मारून पाहिली.

"काका, ये क्या है?"

"साडी."

"किसकी साडी?"

"घरवाली की. गरम कर रहा हूँ."

रांगेतील दोन मुली हसल्या. रक्षकाने माझ्याकडे पाहिले. माझे गंध, धोतर आणि उपरणे पाहून मी तरी सत्य सांगेन, असे त्याला वाटले असावे. मी होकारार्थी मान हलवली, कारण मलाही ते त्याच क्षणी समजले होते. मोरेश्वरजींनी बटणे काढली. सदऱ्याच्या आत, छातीपासून कमरेपर्यंत, हिरव्या काठाची सुती साडी गुंडाळलेली होती. रक्षकाने ती पाहिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या रेनकोटाचे बटण लावून दिले. "जाइए, काका."

गाडीत ते उभेच होते. मी हळूच विचारले, "याने भागते का?"

"अर्धं भागते. काल पदर गरम झाला होता, निऱ्या थंड राहिल्या. पदरापर्यंत हसली, निऱ्यांले रडली." खिडकीच्या काचेला त्यांनी हात लावला आणि झटकन काढून घेतला. "माणसाच्या अंगात कितीक ताप राहते, गुरुजी?"



फ्यूज मिळाला. घरी येताच ते तो बसवायला धावले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. "हा बसेल, परंतु पहिला जळला कशाने? कारण तसेच राहिले, तर हाही जळेल." त्यांना तेवढाही धीर नव्हता, तरी ते थांबले. यंत्रातील गरम हवा बाहेर सोडणारा पाइप बाल्कनीत निघाला होता. कबुतरे शिरू नयेत म्हणून त्याच्या तोंडावर धोतराचा तुकडा बांधलेला होता, आणि त्याच्या आत कपड्यांचे सुटे तंतू बसून राखाडी गादी तयार झाली होती. हवा जाणार कोठून?

"हे कोणी बांधले?"

मोरेश्वरजींनी तो लगदा बोटांत चुरडला. "सूत आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "विणकराच्या पोरानं सुतानं मशीनचा गळा दाबला गा!"

पाइप मोकळा केला, फ्यूज बसविला, पत्रा लावला. पोटावरची साडी ड्रममध्ये गेली. मोरेश्वरजी काचेला हात लावून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मीही मनात नाम घेतले. थोड्या वेळाने ते ओरडले, "आला! ताप आला!"

माझ्या पत्नीने ती साडी आत नेली. रडणे ऐकू येते का, म्हणून आम्ही दोघे कान देऊन उभे राहिलो. आले नाही. शकुंतलाबाई निऱ्या सावरीत, गालाला पदर लावीत बाहेर आल्या. जमिनीवर अवजारे गोळा करीत असलेल्या नवऱ्याकडे त्यांनी कौतुकाने पाहिले.

"झालं काय गा काम, मिस्त्री?"

मोरेश्वरजींचा हात थबकला. "झालं, बाई."

"भला माणूस आहेस. आता घरी जाय. तुही घरवाली वाट पाहून राहिली असन."

माझ्या पत्नीने तोंड फिरवले. मी काही बोलण्यापूर्वीच मोरेश्वरजी उठले. "हो, बाई. जातो," म्हणाले, चपला घातल्या, आणि पेचकस हातात तसाच घेऊन बाहेर गेले. दार लागले. बाहेर पावले वाजली नाहीत.

मग घंटी वाजली.

"हे आले वाटते," असे म्हणत शकुंतलाबाईंनी केस सारखे केले आणि स्वतः जाऊन दार उघडले. "किती उशीर केला जी आज! मिस्त्री आला होता. मशीन सुधरवून गेला."

"असं काय वं?"

"लय भला माणूस. चहाबी नाही पेला बिचारा."

"त्याच्या वाटचा मले दे मग," मोरेश्वरजी म्हणाले आणि उंबऱ्यातच चपला काढू लागले.