वाघमारेंचं मधलं

वाघमारेंना कुठलीही बातमी सांगा, ते म्हणणार, “ते झालं हो. मधलं सांगा!”

पालेगावातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्याच दारात राहतात. भाच्याचं लग्न ठरलं म्हणून मी पेढे घेऊन गेले. पेढा तोंडात टाकून म्हणाले, “मुलगी बघितली, लग्न ठरलं, हे सगळेच सांगतात. मधे काय झालं?” मधे मानपानावरून चांगलीच जुंपली होती. ते मी कुणाला सांगणार नव्हते. अर्ध्या तासात वाघमारेंनी सगळं माझ्याकडून काढून घेतलं, वर आणखी दोन पेढे खाल्ले.

दोष त्यांच्या नोकरीचा. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत ते रसायनं गोठवतात. दोन रसायनं एकत्र आली की तिसरं तयार होतं, हे शाळेत आपणही घोकलंय. पण ते तयार होण्याआधी मधे काहीतरी वेगळंच क्षणभर जगतं आणि मोडतं. वाघमारे त्याला उणे शंभराच्याही खालच्या थंडीत धरून ठेवतात, त्याचा स्फटिक वाढवतात आणि क्ष-किरणांनी त्यातला अणू न् अणू कुठे बसलाय ते बघतात. “धक्का लावायचा नाय. घाई केली की मेलं!” हे ते सोसायटीच्या मीटिंगमध्येही बजावतात, विषय पाण्याच्या टँकरचा का असेना.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी प्रज्ञा सासरहून बॅग घेऊन आली. कुणाशी बोलेना, धड जेवेना. वाघमारेंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, स्वयंपाक तेच करतात. मला राहवेना. आमटीचं पातेलं घेऊन गेले आणि दारातच विचारलं, “काय हो, झालं तरी काय?”

“ताई, विचारू नका,” ते हळूच म्हणाले. “मी पण नाय विचारलं.”

तेवढ्यात त्यांना प्रयोगशाळेतून फोन आला. कित्येक महिने हुलकावणी देणारा स्फटिक अखेर वाढला होता. त्यासाठी हा माणूस एरवी जेवणाच्या ताटावरून उठून धावला असता. “तुम्हीच लावा मशीनवर,” ते म्हणाले. “मी घरी आहे.” मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

परवा दुपारी बेल वाजली. दारात वाघमारे, हातात पळी, डोळे भरलेले.

“ताई, प्रज्ञा बोलली!”

“काय म्हणाली?”

“भाजीत मीठच नाही म्हणाली.”

मी मिठाची बरणी आणायला वळले.

“मीठ आहे हो घरात,” ते म्हणाले. “कुणाला तरी सांगायचं होतं.”