उत्तमरावांचा सत्याभास

कुणी खरं बोललं की उत्तमराव अस्वस्थ होतात. पांढरकवड्याच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहितात.

एकदा एक बाई रेशनकार्ड हरवल्याचा अर्ज लिहून घ्यायला आली.

"कुठं हरवलं?"

"घरातच जी."

"बाई, हे खरं आहे. पण खरं वाटून नाही राह्यलं!"

आणि त्यांनी लिहिलं, की सदर कार्ड डावा कान तुटलेल्या काळ्या शेळीने खाल्ले. कचेरीतल्या बाबूने शेळीच्या मालकाचा जबाब मागितला. बाई रडकुंडीला आली, कारण तिच्या उभ्या गल्लीत शेळी नव्हती. उत्तमरावांनी नवा अर्ज फुकट लिहून दिला. "कान जास्त झाला," एवढंच म्हणाले.

याला ते 'सत्याभास' म्हणतात. घरबसल्या बी.ए. करताना नाटकावरच्या पुस्तकात त्यांना हा शब्द भेटला. त्या पेपरात ते नापास झाले, शब्द तेवढा घेऊन आले. "सत्याभास म्हणजे खोटं नाही, मास्तर. खऱ्याले नीट कपडे घालून कचेरीत पाठवाचं." निवृत्तीनंतर रोज दुपारी मी तिथे बसतो, म्हणून ही व्याख्या मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता मान हलवायचेही श्रम घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मुलगी बंगळुरूला. तिने तेव्हाच बजावलं होतं, "जेवणाची आबाळ दिसली, की मी नोकरी सोडून येते." ती बोलेल ते करणारी आहे, आणि ती नोकरी तिला दोन वर्षं खेटे घालून मिळाली होती.

तिचा फोन दुपारी येतो. उत्तमरावांना कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळ्या कडुनिंबाला ऐकू जातो.

"बाबा, काल रात्री काय जेवलात?"

"मास्तरकडं गेलतो. रोजच जातो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर."

मी पेपरातून डोकं वर काढलं. दिवाळीनंतर हा माणूस माझ्या घराची पायरी चढला नव्हता. टेबलाच्या खणात टोस्टचा पुडा होता, चहात बुडवून संपत आलेला.

"काका आहेत तिथे? द्या बरं."

फोन माझ्याकडे आला.

"काका, बाबा खरंच रोज येतात तुमच्याकडे?"

"येतात."

उत्तमरावांनी त्या रेशनकार्डवाल्या बाईकडे बघितलं होतं, तसंच माझ्याकडे बघितलं.

"काल भाजीत मीठ जास्त पडलं," मी म्हणालो. "तुझ्या बाबांनी खाल्लं मुकाट्याने, पण तांब्याभर पाणी प्यायले. काकू अजून ओशाळलेली आहे."

ती हसली. "मुकाट्याने? आईला तर सोडायचे नाहीत." मग बराच वेळ ऑफिसातलं काहीबाही सांगत राहिली.

फोन ठेवल्यावर उत्तमराव म्हणाले, "मास्तर, वहिनीचं नाव कायले खराब केलं?"

"सातला या," मी म्हणालो.

ते पावणेसातलाच आले, इस्त्रीचा सदरा घालून. ज्या माणसाला दोन ओळींच्या अर्जाला पान लागतं, तो जेवताना एक शब्द बोलला नाही. फक्त भात दुसऱ्यांदा मागितला.