तिचं वावर

"या खेपेले पयलं बक्षीस आपलंच," असं धनंजय ढगेने आपल्या कृषी केंद्राच्या काउंटरमागे उभं राहून जाहीर केलं, तेव्हा दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, आणि तेही उधईचं, म्हणजे वाळवीचं, औषध विचारायला आलेलं. त्याने आदराने मान हलवली आणि ते औषध न घेताच निघून गेलं.

धनंजय सेलूत बियाणं आणि खत विकायचा आणि उरलेल्या वेळात कथा लिहायचा. उरलेला वेळ बराच असायचा. मोबाइलवर त्याचा 'साहित्य संधी' नावाचा ग्रुप होता. महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात कथास्पर्धा निघाली की तिथे जाहिरात पडायची, आणि पडली रे पडली की धनंजय पेन उघडायचा. आतापर्यंत सत्तावीस स्पर्धा झाल्या होत्या. सत्तावीस सहभाग प्रमाणपत्रं कपाशीच्या पोस्टरांशेजारी लॅमिनेट करून टांगली होती. त्यातल्या एकावर नाव 'धनश्री ढगे' असं छापलेलं होतं, पण भिंत भरलेली दिसावी म्हणून त्याने तेही लावलं होतं.

त्याची बायको ज्योत्स्ना गावाबाहेरचं वावर सांभाळायची. आमच्या वर्ध्याकडे शेताला वावर म्हणतात, एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. वावर धनंजयच्या नावावर आणि त्यातले कष्ट ज्योत्स्नाच्या अंगावर, अशी बारा वर्षांची वाटणी होती. सातबाऱ्यावर आपलंही नाव चढवा, असं ती दरवर्षी पेरणीच्या आधी म्हणायची. धनंजय "पाहू" म्हणायचा. पेरणी व्हायची, पीक निघायचं, पण पाहणं काही व्हायचं नाही.

अठ्ठाविसाव्या स्पर्धेच्या वेळी मात्र तिने कंबर कसली.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "बक्षीस भेटलं तं खुशाल लिहीत बसा, मी तोंडातून शब्द नाई काढनार. नाई भेटलं तं वही बंद, अन् दर आइतवारी माह्यासंगं वावरातलं तन निंदाले येजा."

धनंजयने शब्द दिला, कारण जाहिरात वाचल्यापासून तो हवेतच होता. पुण्याच्या एका साहित्य मंडळाची स्पर्धा होती. विषय दिला होता, 'तिचा वावर'.

"पा नागसेन," तो आपल्या मित्राला म्हणाला. नागसेन सेवाग्रामच्या दवाखान्यात कारकून होता आणि धनंजयच्या सगळ्या कथा त्याला ऐकाव्या लागत. "पुन्याच्या लोकाइले शेवटी आपल्याच विषयावर यावं लागलं. पन व्याकरन पा त्याइचं. 'तिचा वावर' म्हनते. वावर कधी 'तिचा' असते काय?"

"तिचं वावर," नागसेन लगेच म्हणाला. "वावर तं 'ते' असते."

"अन् हे लोक आपल्याले शुद्ध बोलाले शिकवते."

दोघेही पोट धरून हसले. मग धनंजयने बसल्या बैठकीला कथा हाणली. कथेत कमला नावाची बाई वावरात राबते आणि नवरा निबर असतो. शेवटी त्याला पश्चात्ताप होतो, तो तलाठ्याकडे जातो आणि वावर बायकोच्या नावे करून देतो. विहीर, नाल्याकाठची बाभूळ, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तूर हे सगळं त्याने आपल्याच वावरातून उचललं. फक्त नवऱ्याचा पश्चात्ताप तेवढा कल्पनेतून आणला. परीक्षकांना सुधारलेले नवरे आवडतात, असा त्याचा सत्तावीस स्पर्धांचा अनुभव होता. कथेला नाव दिलं 'तिचं वावर'. सोबत मंडळाला एक पत्रही जोडलं : "आपल्या जाहिरातीत मुद्रणदोष राहिला आहे. 'तिचा' नव्हे, 'तिचं' हवे. ज्यांच्याकडे वावर नाही त्यांच्याकडून अशी चूक होणे स्वाभाविक आहे. मोठ्या मनाने सुधारून घ्यावे."

मेल गेला. चार दिवसांनी वर्ध्याच्या कॉलेजातून घरी आलेल्या आकांक्षाने, म्हणजे त्याच्या लेकीने, जाहिरात वाचली, मग कथा वाचली, मग ते पत्र वाचलं आणि ती जमिनीवरच बसली.

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी? वावर म्हंजे शेत नाई."

"मंग काय हाय, तलाव?"

"पुन्याकडं वावर म्हंजे वावरनं. हिंडनं-फिरनं. समाजात बाईचा वावर कसा हाय, असा विषय होता तो. अन् 'तिचा' बरोबर होतं."

धनंजयने जाहिरात पुन्हा उघडून वाचली. सत्तावीस वेळा हरण्यात निदान अब्रू शाबूत होती. आता ते पत्र 'साहित्य संधी'वर फिरणार, पाचशे लेखक वाचणार, दात काढणार. त्याने मंडळाला फोन लावला, कथा मागे घेतो म्हणून. फोन कोणी उचलला नाही. दिवसभरात त्याने अकरा वेळा लावला. त्या दिवशी एका शेतकऱ्याने सोयाबीनचं बियाणं मागितलं आणि धनंजयने त्याच्या हातात युरियाची पावती ठेवली.

दुसऱ्या दिवशी मंडळाचाच फोन आला. ज्योत्स्ना नेमकी फवारणीचं औषध न्यायला दुकानात आली होती. धनंजयने घाईत फोन उचलला आणि बोट स्पीकरवरच पडलं.

"ढगे का? मी मंडळाची कार्यवाह बोलतेय."

"मॅडम, ते पत्र फाडून टाका. वावराचा घोळ झाला."

"घोळ कसला? अहो, त्या पत्रानेच तर परीक्षकांना जिंकलं. 'वावर' शब्दावरचा श्लेष, आणि वर आम्हालाच शुद्धलेखनाचा चिमटा. असा तिरकस विनोद बऱ्याच वर्षांत वाचला नव्हता. पहिलं पारितोषिक तुम्हाला आहे."

धनंजय खताच्या पोत्यावर टेकला. डोळ्यात पाणीच आलं त्याच्या, आणि ते खरं होतं. बारा वर्षं लिहीत होता बिचारा.

"ढगे, ऐकताय ना? साहित्यिक वर्तुळात तुमचा वावर कुठे असतो?"

"नाल्याच्या पलीकडं," तो सवयीने बोलून गेला. "विहिरीले लागून."

कार्यवाहबाई खदखदून हसल्या. "काय हजरजबाबी आहात हो. बरं, एक विचारायचं होतं. कथा अगदी जिवंत वाटते. सत्य घटनेवर आधारित आहे का?"

आता इथे माणसाने गप्प राहावं की नाही? पण पहिलं बक्षीस डोक्यात गेलं होतं. "शंभर टक्के," धनंजय म्हणाला. "लेखकाने आधी जगावं, मग लिहावं."

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या पत्नीच्या नावे खरोखर शेत करून दिलंत?"

काउंटरपलीकडे ज्योत्स्ना औषधाची बाटली खाली ठेवून ऐकत होती. धनंजयने तिच्याकडे पाहिलं. मग सत्तावीस प्रमाणपत्रांकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "म्हणजे, हो."

"धन्य आहात. मग दिवाळी अंकात कथेसोबत सातबाऱ्याचा फोटोही छापू. महिन्याभरात पाठवा."

फोन बंद झाला. 

"अभिनंदन," ज्योत्स्ना म्हणाली. "कागदं कोनत्या पेटीत हायेत?"

तलाठ्याकडे ती त्याच्या पुढे चालत गेली. अर्जावर सही करताना धनंजयने पेन चालत नसल्याचं सांगितलं, तेव्हा तलाठ्याने दुसरं पेन दिलं. महिन्याभरात फोटो पुण्याला गेला. दिवाळी अंक आला. कथा छापली होती, फोटो छापला होता, लेखकाचं नावही बरोबर होतं. फक्त मुद्रितशोधकाने शीर्षकातली चूक सुधारून 'तिचा वावर' केलं होतं.

अंक हातात पडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळीच ज्योत्स्नाने विळा त्याच्यासमोर ठेवला.

"हे कायले?" धनंजय म्हणाला. "बक्षीस भेटलं नं. बक्षीस भेटलं तं वावरात यायचं नाई, असं ठरलं होतं आपलं."

"ते तुमचं वावर होतं तवाचं बोलनं. आता कोनाचं हाय?"

"तुह्यं."

"मंग उठा."

पुढच्या स्पर्धेच्या अर्जात लेखक-परिचयाची चौकट होती. साहित्यक्षेत्रातील आपला वावर थोडक्यात लिहा, असं तिथे विचारलं होतं. धनंजयने या वेळी शब्दाचा अर्थ लेकीकडून दोनदा तपासून घेतला आणि अगदी खरं तेच लिहिलं : "दर रविवारी सकाळी सात ते अकरा सोडून बाकी सगळा वेळ, बायकोच्या परवानगीने."