ओमशेठच्या गच्चीवरची रेड वाईन

ओमशेठनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. तरीही स्वस्तातली चांगली रेड वाईन कोणती, हे आमच्या मस्तगड भागात त्यांच्याइतकं ठासून कोणी सांगू शकत नाही.

ते माझे शेजारी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात गेल्या. मोंढ्यात त्यांची धान्याची अडत होती. वय झालं तसं दुकान पुतण्याच्या हाती दिलं, पण माल तपासायची सवय काही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी वरण बोटांत चोळून बघतात आणि यजमानाच्या देखत सांगतात, "डाळ जुनी आहे."

वाईन त्यांच्या घरात आली एका दिवाळीत. हैदराबादचा मुलगा चार दिवस राहून गेला आणि त्याला कोणीतरी भेट दिलेली बाटली कपाटात विसरला. दुसरा कोणी असता तर मोरीत ओतून मोकळा झाला असता. ओमशेठना ते जमेना.

"माल आहे तो," ते मला म्हणाले. "माल फेकायचा न्हाई. कसा आहे, ते तर कळू द्या."

ते कळावं म्हणून आम्ही तिघं जमलो. मी, बबनराव आणि नंदू. बबनराव धावड्याचे. शेती मुलावर सोपवून गुडघ्याच्या इलाजासाठी शहरात येऊन राहिलेले. नंदू जनावरांचा डॉक्टर. घरात देवघर, म्हणून बैठक गच्चीवर. "गच्ची घरात धरत न्हाईत," असा निकाल ओमशेठनी स्वतःच दिला. बूच निघेना, तेव्हा नंदूनं ते पेचकसानं आत ढकललं. स्टीलच्या पेल्यांत वाईन ओतली गेली. बबनरावांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"जांभळाच्या पाण्यात खिळा बुडवल्यावानी लागून राह्यलं," ते म्हणाले.

ओमशेठ समोर मांडी घालून बसले होते. त्यांनी बबनरावांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "मंग याच्याहून बरी मिळती का?"

झालं. पुढच्या शनिवारी दोन बाटल्या आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी तीन.

बाटल्या आणायचं काम माझ्याकडं. ओमशेठ सोबत यायचे, पण दुकानाच्या अलीकडच्या वळणावर रसवंतीशी थांबायचे. समाजातलं कोणी दिसलं की आपणहून सांगायचे, "दवाखान्यात आल्तो." महाग बाटलीला सक्त मनाई होती. "महाग चांगलं असणारच, त्यात तपासायचं काय?" हा त्यांचा मुद्दा. घरी आलं की बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, वर अ, ब, क लिहायचं. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही, म्हणून सरबताचे काचेचे ग्लास निघाले. सोबत भाजलेले शेंगदाणे आणि मुगाचा पापड. कांद्याला बंदी. कांद्यानं जीभ बिघडते म्हणे. ज्यांची जीभ कामाला लागणार नव्हती, त्यांचीच ही काळजी.

त्यांची पद्धत साधी होती. आम्ही प्यायचं आणि त्यांनी आमचे चेहरे बघायचे. तोंडानं काही बोललेलं त्यांना चालायचं नाही. "बोलणं राहू द्या. मोंढ्यात बोलण्यावर सौदा केला असता तर कवाच बुडलो असतो." मग थोडा वेळ विचार करून निकाल. "ब मुरलेला न्हाई, नवा माल आहे." "क मध्ये पानी जादा." एखादी फारच वाईट निघाली तर, "याची आवक बंद करा."

एकदा नंदूनं गंमत केली. तिन्ही बाटल्यांत एकच वाईन भरून आणली. बबनरावांनी अ ला नाक मुरडलं, ब वर मान डोलावली, आणि क साठी तर ग्लास पुन्हा पुढे केला. ओमशेठ आळीपाळीनं सगळ्यांचे चेहरे बघत होते.

"तिन्ही एकच आहेत," ते म्हणाले.

"कशावरून?" नंदू चाट पडला.

"तू पिऊन राह्यला न्हाईस. बबनरावाकडं बघून हसून राह्यलास."

बबनराव त्या दिवशी नंदूशी बोलले नाहीत. क मात्र संपवली.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग नंदूची बदली झाली. जाताना म्हणाला, महिन्यातून एकदा येत जाईन. एकदा आला. बबनराव सोयाबीनच्या काढणीसाठी धावड्याला गेले ते नातवात रमले. राहिलो मी एकटा. तरी शनिवार चुकला नाही. तीन बाटल्या, एक पिणारा, एक बघणारा. एका चेहऱ्यावर निकाल लावणं अवघड जातं, अशी ते तक्रार करायचे, पण लावायचे.

या उन्हाळ्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला. यकृतावर सूज. डॉक्टरांनी दारूचं नाव काढू नका म्हणून बजावलं. मला वाईनचं फारसं दुःख नव्हतं. ओमशेठना सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर गेलो तर सतरंजी अंथरलेली, बाटल्या गुंडाळून तयार.

मी सांगून टाकलं.

"बिलकुल बंद?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल."

त्यांनी बाटल्या उचलून कठड्याशी नेऊन ठेवल्या. परत येऊन बसले. सुतळीचा एक तुकडा बोटाला गुंडाळत राहिले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, जाऊन चार वर्षं झाली. मुलगा दिवाळीला येतो. हे मला माहीत होतं, पण ते असं एकत्र कधी डोक्यात आलं नव्हतं. मी उठलो.

"बसा," ते म्हणाले, आणि खाली गेले.

बऱ्याच वेळानं वर आले. हातात ताट, ताटात पाण्यानं भरलेले सहा ग्लास. तीन माझ्यापुढे ठेवले, तीन स्वतःपुढे, आणि डोळे मिटून दोन्हीकडच्यांच्या जागा आपापसात बदलल्या; खुणा ग्लासांच्या बुडाला होत्या.

"एक नळाचं, एक बोरचं, एक जारचं. कोणतं कोणतं, सांगा."

आणि पहिला ग्लास त्यांनीच उचलला. इतक्या वर्षांत त्यांना माझ्याबरोबर काही पिताना मी प्रथमच बघत होतो. आम्ही सावकाश तिन्ही प्रकारचं पाणी प्यायलो. मला नळाचं तेवढं ओळखू आलं, तेही क्लोरिनच्या वासामुळं. त्यांना एकही आलं नाही.

"हे सोपं न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाफराबादला बहिणीच्या शेतात विहीर आहे. पानी गोड आहे. पुढच्या शनिवारी जीपवाल्याकडून कॅन मागवतो. तुम्ही फक्त या."