आमच्या इमारतीचं सन दोन हजार पन्नास

लोक उद्याची चिंता करतात. मी उद्या तयार करतो! म्हणजे पुढच्या काळात वीज कुठून येईल, लोक ती कशी वापरतील, याची चित्रं मी विद्यापीठात बसून मांडतो. स्वतःचं कौतुक नाही, पण माझ्यासारखं भविष्य या शहरात कुणालाच जमत नाही!

त्यामुळे नव्या योजनेआधी सभा भरवून लोकांची मतं घ्यायचं वीज खात्याने ठरवलं, तेव्हा चित्राचं काम माझ्याकडेच आलं. भिंतभर पोस्टर केलं. नमुन्याला एक इमारत हवी होती. शोधत कोण फिरणार? आमचीच घेतली! गच्चीवर सौर पॅनेल, मागे पवनचक्की, खाली गाड्यांच्या जागी कपाटाएवढ्या बॅटऱ्या. झकास!

सभेला चार टाळकी येतील असं वाटलं होतं. आली अख्खी इमारत, आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंसकट!

"माझी गाडी कुठंय?" पोस्टरला नाक लावून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले.

"अहो, हे एक संभाव्य भविष्य आहे."

"संभाव्य म्हणजे मंजूर झालं?"

"नाही हो! नुसती कल्पना!"

"बरी माझ्याच जागेवर सुचली!"

वरच्या मजल्यावरच्या काकू पुढे सरसावल्या. "हा पंखा रात्रभर घरघरणार? आमच्या ह्यांचं घोरणं काय कमी आहे?"

"काकू, तो प्रतीकात्मक आहे."

"आणि आवाज?"

तेवढ्यात मागून ओळखीचा सूर. बायको! "गच्चीवरच्या कपड्यांच्या दोऱ्या कुठे गेल्या?"

"चित्रात बऱ्या दिसत नव्हत्या. काढल्या."

"म्हणजे तेव्हा ओलेच कपडे घालायचे?"

टाळ्या पडल्या! माझा पारा चढला. "मग तुम्हीच काढा हवं तसं!" म्हणत मी मार्कर पुढे केले. घोडचूक! सगळे पोस्टरवर तुटून पडले. सेक्रेटरींनी बॅटऱ्या गच्चीवर चढवल्या, काकूंनी त्या परत खाली ढकलल्या आणि पवनचक्की पार टेकडीपलीकडे हाकलली. बायकोने पॅनेलांच्या मधून दोऱ्या ताणल्या.

नेमक्या तेव्हाच वीज खात्याच्या मुख्य अभियंता बाई आत आल्या. त्यांनी थेट पोस्टरपाशी जाऊन ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, वर्षानुवर्षं तुम्हा लोकांची गुळगुळीत चित्रं बघतेय. इथे माणसं राहतात, असं आज पहिल्यांदा वाटलं. हेच योजनेत घेऊ. पद्धत तुमचीच ना?"

"अर्थात!" मी छाती फुगवली. "याला सहभागी संशोधन म्हणतात."

योजना छापून आली. मुखपृष्ठावर तेच चित्र, खाली ठळक अक्षरांत माझं नाव! विद्यापीठात दिसेल त्याला दाखवत सुटलोय. आता तुमच्यापाशी म्हणून सांगतो, त्यात माझं असं फक्त निळं आकाश उरलंय. आणि तिथेही सासूबाईंनी हा एवढा मोठा ढग काढून ठेवलाय. म्हणाल्या, "जावईबापू, रोज रोज ऊन कसं पडेल?"