चार बोटं वाकडी भिंत

"विद्यापीठ निवडायला अक्कल लागत नाही, ओळंबा लागतो!" अब्दिमोमुनने जाहीर केलं, आणि पिशवीत खरोखरच ओळंबा टाकला. "ज्यांना स्वतःची भिंत सरळ उभी करता येत नाही, ते माझ्या पोरीला काय डोंबल शिकवणार?"

"अहो, पोरीला शिकायला पाठवतोय, भिंतीत चिणायला नाही!" त्याची बायको बुरुल म्हणाली. पण सव्वीस वर्षं नारिन गावात गवंडीकाम करून मुरलेला माणूस बायकोचं ऐकतोय थोडाच!

मुलगी आयसुलू मात्र फॉर्म घेऊन केव्हाच दारात उभी होती. तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. परीक्षेत गुण असे पडले होते, की राजधानी बिश्केकमधली दोन विद्यापीठं तिला घ्यायला तयार होती. त्यातलं एक आज पाचच्या आत पक्कं करायचं होतं, आणि ती सतराचीच असल्यामुळे फॉर्मवर बापाची सही लागणार होती. आजचा दिवस हुकला की वर्ष गेलं!

पहिलं विद्यापीठ नवंकोरं, काचेचं. अब्दिमोमुनने दारातच ओळंबा सोडला. दोरी भिंतीला अशी समांतर, जशी शाळा तपासायला साहेब आल्यावर उभी राहिलेली पोरं!

"झालं! हेच!" तो ओरडला.

आयसुलूने तिथल्या हसतमुख बाईंना विचारलं, "माती तपासायची प्रयोगशाळा कुठे आहे?"

"पुढच्या वर्षी होणार."

"आणि काँक्रीटची?"

"तीही पुढच्याच वर्षी. पण पोहण्याचा तलाव तयार आहे हं!"

"बाबा," आयसुलू म्हणाली, "दुसरं बघून मगच सही."

दुसरं विद्यापीठ म्हणजे म्हातारी इमारत. अब्दिमोमुनने दुसऱ्या मजल्यावरून जिन्यात ओळंबा सोडला, खाली येऊन बघतो तर भिंत आणि दोरी यांच्यात चार बोटांचं अंतर! वरच्या मजल्यावर तर भिंतीला हातभर तडा. त्याने डोक्यावरची पांढरी टोपी सरळ केली, कानामागची पेन्सिल काढली आणि कपाळाला आठ्या घालून वहीत आकडे लिहायला लागला.

जिन्याखाली बसलेल्या पहारेकरीण बाईंनी ते पाहिलं आणि धापा टाकत फोन उचलला. "तपासणी आली! सरकारी! मोजतायत!"

दोन मिनिटांत विभागप्रमुख झेनिशबेक कोटाची बटणं चुकीच्या काजात घालत धावत आले. "साहेब, आधी कळवलं असतं तर..."

"कळवलं असतं तर काय भिंत सरळ केली असती?"

झेनिशबेकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "साहेब, वर माझ्या खोलीत चला, चहा घ्या!"

चहा म्हणजे नुसता चहा नव्हे! कणकेचे तळलेले गोळे म्हणजे बोरसोक, मध, घोड्याच्या मांसाचे काप. अब्दिमोमुनला वाटलं, पालकांचा काय मान ठेवतात इथे! तो ताव मारत राहिला. आयसुलू मात्र बाहेर तड्यापाशी उभी होती. तड्यावर काचेच्या बारीक पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या, आणि प्रत्येकीखाली तारीख.

एवढ्यात दोन प्राध्यापक आणि एक कारकून शेजारच्या खोलीतलं पुस्तकांनी भरलेलं कपाट ढकलत आले. तडा झाकायचा होता! पण जमीनही उतरती. कपाट हातातून निसटलं, गुरगुरत घसरलं आणि झेनिशबेकांच्या दाराला जाऊन धडकलं. दार बाहेर उघडणारं. साहेब आत, विभागप्रमुख आत, बोरसोक आत!

"माझ्या तड्यासमोर कपाट कुणी आणलं?" मागून आवाज गरजला. पांढऱ्या केसांच्या सागिन बाई, माती आणि पाया शिकवणाऱ्या. "अकरा वर्षं पोरं रोज याचं माप घेतायत!"

"पण एकही काच तुटलेली नाही," आयसुलू हळूच म्हणाली. "म्हणजे भिंत आता हलत नाही. उजवीकडची माती खचून थांबली असेल ना?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तू कुणाची गं?"

पुढचा अर्धा तास दोघी तिथेच उकिडव्या बसून मातीवर बोलत राहिल्या आणि तिघे पुरुष कपाटाशी झुंजत राहिले. पावणेपाच झाले तेव्हा आयसुलू दचकली. तिने फॉर्म दाराखालून आत सरकवला.

"बाबा, सही करा! इथेच!"

"या वाकड्या भिंतीत? मुळीच नाही!"

आत झेनिशबेकांच्या हातातली चहाची वाटी थांबली. "बाबा?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुम्ही तपासणीला नाही आलात?"

"आलोच आहे की! पोरीसाठी!"

झेनिशबेकांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग अब्दिमोमुनकडे, आणि मटकन खुर्चीत बसले.

"बाबा, ऐका," आयसुलू दाराला तोंड लावून म्हणाली. "तिकडे भिंत सरळ आहे, पण वाकडी का होते हे सांगणारं कुणी नाही. इथे आहे. आपल्या गावचा पूल दर दोन-तीन वर्षांनी वसंतात का वाहून जातो, हे मला या बाईंकडून शिकायचंय."

आत अब्दिमोमुनने ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली. सव्वीस वर्षांत त्या पुलाच्या खांबांना त्याने नऊ वेळा दगड लावले होते, आणि नऊ वेळा नदीने ते नेले होते. का, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"पेन आहे का हो साहेब?" तो झेनिशबेकांना म्हणाला.

फॉर्म बाहेर आला, कोपऱ्यावर मधाचा डाग. "आधी कपाटातली पुस्तकं काढा, मग ढकला!" तिघांना सांगून आयसुलू जिन्यावरून अशी सुटली, की पहारेकरीण बाई पुन्हा फोनकडे धावल्या. पाचला चार मिनिटं असताना शिक्का बसला!

परतीच्या मिनीबसमध्ये अब्दिमोमुनची छाती गाडीत मावत नव्हती. पुढच्या सीटवरच्या आजोबांना तो रंगवून सांगत होता. "स्वतः तपासलं! पायापासून छपरापर्यंत! विभागप्रमुखांनी सोबत बसून चहा पाजला! अख्ख्या देशात असं विद्यापीठ नाही!"

"वा!" आजोबा म्हणाले. "माझ्या नातवालाही घालतो. नाव काय त्या विद्यापीठाचं?"

अब्दिमोमुनने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग पोरीला कोपराने ढोसत हळूच म्हणाला, "काय गं नाव त्याचं?"