नानांचा चांदीचा वर्ख

धुळ्यात आमच्या शेजारी राहणारे गोविंदनाना पेढ्यावरचा वर्ख कधी खात नसत. तो नखाने अलगद उचलून वहीच्या पानांत जपून ठेवत. कुणाला खरचटलं, की वही उघडायची आणि जखमेवर वर्ख चिकटवायचा! सगळा जन्म चांदी घडवण्यात गेलेला माणूस. "चांदी शे ती, भाऊ! बठ्ठा जंतू मरी जातस!" सगळे जंतू मरतात, हे ते आपल्या अहिराणीत दिवसातून दहादा म्हणत, आणि समोरच्याला जखम नसली तर शोधत.

एकदा टीव्हीचा अँटेना फिरवायला मी छपरावर चढलो आणि पत्र्याने नडगी सोलून घेतली. नाना वही घेऊन हजर. मी नको नको म्हणेपर्यंत माझा पाय चकाकू लागला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मुंग्यांची रांग टेबलाखालून थेट माझ्या पॅन्टमध्ये! वर्खाला पेढा चिकटलेला होता. साहेबांसमोर मी असा काही नाचलो, की शिपायाने हात जोडले. नाना मात्र ठाम. "त्यात चांदीना काय दोष? पेढा चांगला व्हता!"

मग त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, चप्पल चावली. अक्कांना मधुमेह. पाय बधिर झालेला, त्यामुळे जखम लक्षात आली तेव्हा अंगठा काळवंडू लागला होता. नानांनी आठवडाभर वर्ख लावला. जखम वाढतच गेली. शेवटी नानांनी आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "उशीर केलात. अंगठा कदाचित काढावा लागेल." नाना दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. माझा मुंग्यांचा सगळा राग तिथेच विरला.

डॉक्टरांनी जखम साफ केली, इन्सुलिन सुरू केलं आणि एक पांढरं मलम दिलं. "यातही चांदीच आहे, नाना. पण औषधातली, मापातली."

फुशारकी मारायची अशी आयती संधी! नाना फक्त एवढंच म्हणाले, "कसं लावानं, ते सांगा."

दीड महिन्याने अंगठा वाचल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेलो. नाना पट्टी बदलत होते. डॉक्टरांच्या हुकमाने तोंडाला फडकं बांधलेलं, तरी मलम लावताना आतल्या आत फुंकर घालत होते.

अक्का आपल्या बधिर पायाकडे बोट दाखवत हसून मला म्हणाल्या, "मना पायले काही समजत नई, तरी हे रोज फुंकर मारतस."

नाना मान वर न करता म्हणाले, "तुले समजत नई. मले तं समजस ना."